डाव्या हाताची पडवी

“पायरीवर पाय ठेवावा तर कोंबडी. पाय उचलावा तर पोर. इसमानं कार्यालयात प्रवेश करावा तरी कोठून?”

हे पाटावर बसून पुटपुटत होते. मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं, पण मी उत्तर देऊ नये इतक्या हळू. बरीच वर्षं संसार केला की पुटपुटण्याची ही पट्टी माणसाला आपोआप सापडते.

आमच्याकडचे तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कचेरी अजून उभी आहे आणि यांची नोकरी अजून संपलेली नाही. स्वच्छ दिवशी तोरणमाळचा डोंगर ताटातल्या भाताच्या मुदीएवढा दिसतो, असं ते गाव, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. आम्ही दोघंही तापीकाठची, आईबापांची बोली अहिराणी. पण सरकारी नोकरी लागली त्या दिवशी यांनी ती वहाणेसारखी दाराबाहेर काढून ठेवली. घरात सुद्धा “ताक वाढण्यात यावं” असंच म्हणतात. मीही वाढते. पोच मागत नाही.

“कोंबडी कुणाची?” मी विचारलं.

“फुलवंताबाई नामक अर्जदार स्त्रीची. डोंगरातून येते. जमिनीचा अर्ज आहे. तारीख पुढं गेली की पायरीवर बसते. तिच्याबरोबर पोर, पोराबरोबर कोंबडी. तिच्यासारख्या आणखी पाच-सात बाया. सगळ्या उन्हात.”

“मग त्यांना बसायला जागा का करत नाही?”

यांनी घास खाली ठेवला. अव्वल कारकुनाला कुणी सरळ प्रश्न विचारला की त्याला ठसका लागतो. मग कळलं की जागा करायचं तर ठरलेलं होतं. चोरून तोडलेला साग जंगलखात्यानं पकडला होता, तो कचेरीच्या आवारात पडून होता, आणि त्यातून बायकांसाठी लाकडी पडवी काढावी असा हुकूमही आला होता. फक्त नकाशा जोडल्याशिवाय जंगलखातं लाकडाला हात लावू देईना. नकाशा काढायचा ओव्हरसियरनं. ओव्हरसियर धुळ्याला. आणि त्याचं म्हणणं, लाकूड ताब्यात आलं की मी ते मोजून नकाशा काढीन. अशा रीतीनं साग आवारात पडला होता, वाळवी त्याचा आपल्या परीनं नकाशा काढत होती, आणि फुलवंताबाई पायरीवर होती.

“रावसाहेब म्हणाले,” हे आणखी हळू पुटपुटले, “भाऊसाहेब, कसलाही एक नकाशा जोडा. कोण बघतंय?”

रावसाहेब म्हणजे मामलेदार. आणि “कोण बघतंय” या शब्दांवर मी पदर खोचला, तिथं सगळं सुरू झालं.

आता माझी लायकी सांगते. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं किराण्याच्या पुड्यांवरून शिकले, त्यामुळं माझं बरंचसं ज्ञान ऐन रंगात येऊन फाटलेलं आहे. पण ठिपक्यांची रांगोळी माझ्यासारखी पेठेत कुणाची नव्हती. गोधडीचा चौक मी न मोजता कापते. स्वैपाकघरातलं फडताळ मी सांगितलं तसं सुतारानं केलं आणि ते अजून एकाच बाजूला कललं आहे. एवढ्या भांडवलावर माणसानं सरकारी इमारत का काढू नये, हे मला तरी सुचलं नाही.

एकच अडचण होती. ज्या कचेरीला पडवी जोडायची ती कचेरी मी आतून कधी पाहिलेली नव्हती. घरंदाज बाईनं कचेरीची पायरी चढायची नाही, चढली तर काहीतरी बट्टा लागला असं समजायचं, हा रिवाज. रोज रस्त्यानं बाजाराला जाताना लांबूनच मी ती पाहायची: कौलं, निंब, आणि दारातून दिसणारा काळोख. त्या काळोखात माझा नवरा रोज जायचा आणि संध्याकाळी शाईच्या डागांसकट परत यायचा. बाकी माझी माहिती एवढीच.

“तुम्ही सांगा, मी काढते,” मी म्हटलं.

यांनी सांगितलं. लांबट दिवाणखान्यासारखी खोली, मध्ये दार. “एका टोकाला रावसाहेबांची खुर्ची, भिंतीला पाठ लावून. मग आम्ही सगळे ओळीनं. दुसऱ्या टोकाची भिंत मोकळी. डाव्या हाताला. तिथं दार पाडून पडवी जोडायची.”

मी दुसऱ्या दिवशी अंगण सारवून घेतलं आणि ठिपके दिले. एक ठिपका म्हणजे एक हात. डाव्या हाताला मोकळी भिंत, मोकळ्या भिंतीत दार, दाराला पडवी. इतकी सुबक पडवी आली, की तिच्या मध्यभागी कमळ काढायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला.

अंगणात सरकारी इमारत उभी राहिली म्हटल्यावर शेजार येणारच. पहिल्या आल्या तापीबाई. त्या शेजारच्या घरातल्या, वयानं मोठ्या, आणि मत विचारायच्या आधी द्यायची त्यांची सवय.

“हाई काय काढी ऱ्हायनी वं सरला? लगीन शे का कोनं?”

“कचेरी आहे, तापीबाई.”

“हाई कचेरी?” त्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “पानीना माठ कोठे ठेवशी? आनि बाया पोरे लयीसन येतीस, झोका कोठे बांधशी?”

बरोबर होतं. मी माठाला कोनाडा दिला आणि तुळयांना झोक्याच्या कड्या दिल्या. सरकारी नकाशात झोक्याच्या कड्या बहुधा पहिल्यांदाच आल्या असाव्यात.

पडवीला रस्त्याकडून वेगळं दार असावं असं मला वाटत होतं. पण जोशीबुवा रस्त्यावरून जाता जाता थांबले आणि ती दिशा दक्षिण आहे म्हणाले. दक्षिणेचं दार पुसलं. मागच्या बाजूला काढावं तर मामलेदारीणबाईंचा निरोप आला की मागं साहेबलोकांचे घोडे बांधतात, तिथं बायकांचं येणंजाणं नको. म्हणजे हा नकाशा मामलेदारीणबाईंना सुद्धा माहीत होता. तेही दार पुसलं. राहिलं कचेरीतून आत येणारं एकच दार, आणि त्यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

खिडक्यांचं तसं नाही. मामलेदारीणबाई म्हणाल्या, खिडक्या उंच हव्यात, पुरुषांना आत दिसता कामा नये. तापीबाई म्हणाल्या, “खालेच ठेव. नावना पुकारा व्हयना, तं बाईले आयकू कसं यी?” मी दोन्ही बायकांशी वाकडेपणा घेऊ शकत नव्हते. वरच्या खिडक्या काढल्या आणि खालच्याही काढल्या. लाकूड भरपूर होतं.

लाकूड अजून लागेल तर बरं, असं चुनीलालशेठना वाटत होतं. ते लाकडाचे व्यापारी, वखारीतून मुद्दाम आले. ओट्यावर बसून चहा बशीत ओतला, आणि म्हणाले, “भाभी, आपनी कचेरीने टोडा जोयजे. मोर काढा. नाही तर साहेब म्हणील, ढोरांचा गोठा बांधेल शे.” मी खांबांच्या माथ्यावर कोरीव टोडे दिले आणि त्यांना मोर काढले. त्या दिवशी रांगोळी संपली होती म्हणून मोर तांदळाच्या पिठीनं काढले, आणि सकाळी उठून पाहते तर चिमण्यांनी मोरांसकट रावसाहेबांकडची सगळी बाजू खाऊन टाकली होती. मी ती आठवणीनं परत काढली. पहाटे सडा घालायला आलेल्या तापीबाईंनी सवयीनं माझ्याही अंगणात सडा घातला आणि कचेरी वाहून गेली. मी ती परत काढली. एव्हाना मला ती पाठ झाली होती. झोपेतही मी डाव्या हाताला वळून दार पाडत असे.

शेवटी कागदावर उतरवली. यांनी खाली वळणदार अक्षरात “प्रस्तावित लाकडी पडवीचा नकाशा” असं लिहिलं. रावसाहेबांनी कुठं आहे काय आहे न पाहता सही केली, मोहोर उठवली. जंगलखात्यानं मोहोर पाहिली आणि लाकूड सोडलं. नकाशा कुणी काढला हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. सगळ्या गावानं तो माझ्या अंगणात पाहिलेला होता. फक्त ते बोलायचं नव्हतं. अव्वल कारकुनाच्या बायकोनं सरकारी इमारत काढली, हे चारचौघांत म्हटलं असतं तर यांची अब्रू गेली असती, सही करणाऱ्या रावसाहेबांची गेली असती, आणि माझी तर सगळ्यांच्या आधी गेली असती.

धुडकू मिस्त्री हा आमच्याकडचा मोठा सुतार. कानाला पेन्सिल, तोंडात तंबाखू, आणि मोहोरेवर अपार भक्ती. नकाशा पाहून त्याच्या कपाळावर एक आठी आली, असं मला पुढं कळलं. त्यानं कागद फिरवून पाहिला, पुन्हा सरळ केला, आणि मोहोरेवर बोट ठेवून म्हणाला, “मोहोर शे ना? मंग बस.”

पहिला खांब सुवासिनीच्या हातून पुजल्याशिवाय धुडकू तो खड्ड्यात उतरवीना. मामलेदारीणबाईंना त्या दिवशी कशाला शिवायचं नव्हतं. म्हणून मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीच्या आवारात. खांबाला हळदकुंकू लावलं, खड्ड्यात सुपारी टाकली, मागं सरून उभी राहिले आणि पाहिलं. अगदी अंगणातल्यासारखं होतं. कचेरी समोर, डाव्या हाताला पडवीचे खड्डे. दारातून आत बघावंसं वाटलं. पण आतून चार चष्मे माझ्याकडे बघत होते. मी पदर सारखा केला आणि घरी आले. त्या रात्री मी यांना दोन वेळा गोड वाढलं आणि यांनी दोन्ही वेळा “मंजूर” म्हटलं.

पडवी पुरी झाली तेव्हा माझ्या पायाला जमीन लागत नव्हती. बाजारात बायका थांबवून सांगायच्या. डोंगरातल्या बाया आठवडेबाजाराच्या दिवशी काम नसलं तरी तिथं टेकायच्या. झोक्यात पोरं झोपायची. “माठनं पानी गार शे वं,” तापीबाई म्हणाल्या, आणि पुढं काहीतरी म्हणता म्हणता गप्प झाल्या. तापीबाई गप्प होतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, हेवा.

धुडकू मिस्त्री रस्त्यात दिसला की नमस्कार करून पलीकडच्या बाजूला जायचा. मला वाटलं, आदर.

मग हे काळे पडायला लागले.

गोरे ते कधीच नव्हते. पण मानेवर उन्हाचा पट्टा, नाकाचं साल निघालेलं, टोपीत निंबाची फुलं. एक दिवस कोटाच्या खांद्यावर कावळ्याची सही. “कचेरीच्या आत कावळा?” मी विचारलं. “खिडकीतून,” हे म्हणाले आणि ताक मागितलं, साध्या शब्दांत, वाढण्यात यावं न म्हणता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण मी रांगोळी काढणारी बाई. ठिपके दिसले तरी ते जोडायला मला वेळ लागतो.

माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू. यांना कामावरून काढलंय आणि हे दिवसभर निंबाखाली बसून संध्याकाळी घरी येतात, असंही आलं. मी गुपचूप उपास धरला. तापीबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नोकरी शे वं माय,” एवढंच म्हणाल्या. “नोकरी शे. फिकीर करू नको.”

वैशाखात प्रांतसाहेब तपासणीला येणार म्हणून हे पहाटेपासून गडबडीत होते. टोपी धुतली, कोट झटकला, आणि चष्मा देवाजवळ विसरून गेले. बिनचष्म्याचा अव्वल कारकून म्हणजे बिनमोहोरेचा कागद. पाठवायला कुणी नव्हतं. मी चष्म्याचं घर पदराखाली धरलं आणि निघाले.

आवारात शिरले आणि निंबाखाली थांबले.

हे पायरीवर बसले होते. पुढ्यात त्यांचं उतरतं मेज, मेजाखाली एका पायाला वीट, वर निंबाची फुलं. बरोबर त्याच पायरीवर, जिथं फुलवंताबाई आणि तिची कोंबडी बसायची. आता फुलवंताबाई पडवीत होती. खालच्या खिडकीतून तिचं तोंड दिसत होतं. कोंबडी वरच्या खिडकीत होती. दोन्ही खिडक्या उपयोगी पडल्या, असं माझ्या मनात आलं, आणि मग उघड्या दारातून मला कचेरी दिसली. आतून. पहिल्यांदा.

एका टोकाची भिंत मोकळी होती. स्वच्छ, गुळगुळीत, सरकारी. ती माझ्या उजव्या हाताला होती.

डाव्या हाताला रावसाहेबांची खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीशी माझं दार. तेवढ्यात एक बाई पोर घेऊन पडवीत निघाली. दाराची फळी उघडली, ती रावसाहेबांच्या खुर्चीला लागली, रावसाहेब न बघता सवयीनं पुढं सरकले, त्यांच्या मेजानं पुढचं मेज सरकवलं, त्यानं त्याच्या पुढचं. आगगाडीचे डबे जोडतात तशी सगळी कचेरी एक धक्का खाऊन पुन्हा लिहायला लागली. रोज अशी सरकत सरकत ती पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली असणार, आणि एका मेजाला जागा उरली नसणार. ज्याचं मेज बाहेर आलं तो खरं तर रावसाहेबांच्या सगळ्यात जवळ बसणारा माणूस. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. तो आपणहून आला होता.

हे कचेरीत बसतात ते रस्त्याकडे तोंड करून. मी कचेरीकडे बघते ती रस्त्यावरून. त्यांचा डावा तो माझा उजवा. आमच्या संसारात हे नवीन नव्हतं, पण याआधी त्याला कधी तुळया लागल्या नव्हत्या.

सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. धुडकूला, तापीबाईंना, चुनीलालशेठना, खुर्चीवर धक्के खाणाऱ्या रावसाहेबांना. दार चुकलं म्हणावं, तर काढलं कुणी ते म्हणावं लागतं. म्हणून एवढा मोठा मामलेदार उन्हाळाभर धक्के खात होता आणि माझा नवरा कावळ्याखाली बसून सरकार चालवत होता. आणि मी घरी बसून हेवा आणि आदर मोजत होते. धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. पण निंबाची मुळं मजबूत होती.

मी मागं फिरणार, तेवढ्यात प्रांतसाहेबांची मोटार आवारात आली. दक्षिणेकडचे तरुण गृहस्थ, नवेच, मराठी पुस्तकातून शिकलेले. उतरले आणि पायरीपाशीच थांबले, कारण पायरीवर मेज होतं.

“हे गृहस्थ इथे का बसले आहेत?”

रावसाहेब धावत बाहेर आले. “हवेसाठी, सर. उत्तम हवा असते.”

“हवा नही,” खालच्या खिडकीतून फुलवंताबाई म्हणाली, “उन शे. भाऊसाहेब, किती दिवसनी सांगी ऱ्हायनू, मधमा या. आठे सावली शे, जागा शे.”

प्रांतसाहेबांनी पडवी पाहिली. कड्या पाहिल्या, झोका पाहिला, मोर पाहिले, वरच्या खिडकीतली कोंबडी पाहिली. आत गेले. खांबावर हात फिरवला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. नुसतं नवल दिसलं.

“खोली फार चांगली आहे. परंतु दार तिथे कोणी काढले?”

धुडकू मिस्त्री नकाशाचा कागद हातात घेऊन उभा होता. त्यानं मोहोरेवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. मोहोर रावसाहेबांची, म्हणून रावसाहेबांनी कौलांकडे पाहिलं. आतले कारकून एकाच वेळी दौतीत टाक बुडवायला लागले. मी पदराखाली चष्म्याचं घर इतकं घट्ट धरलं होतं की ते आतल्या आत वाजलं.

हे पायरीवरून उठले. टोपीतली निंबाची फुलं खाली पडली. चष्म्याशिवाय यांना चार हातांपलीकडचं दिसत नाही, पण यांनी बरोबर निंबाकडे, माझ्याकडे पाहिलं. आता “सदरहू” येणार, “अनवधानानं” येणार, आणि सगळं आपल्या अंगावर घेणारा एक लांबलचक सरकारी खोटेपणा येणार, म्हणून मी मान खाली घातली.

“साहेब,” हे म्हणाले. आणि भर कचेरीच्या दारात, रावसाहेबांसमोर, आईजवळ बोलावं तसं बोलले.

“हाऊ नकाशा मन्ही बायकोनी काढेल शे. ती दखा, निंबखाले उभी शे. दार उलटं शे, साहेब. उलटं शे, कारण तिले मी आजलगून कधी मधमा बलायंच नही.”